कुवेतहून घरी येतानाचा रस्ता, बत्तीस वर्षांनी परत

२०२२ च्या सुरुवातीला पेपरात एक छोटी बातमी होती, इराकने कुवेत युद्धाची नुकसानभरपाई पूर्ण फेडली, एकूण ५२.४ अब्ज डॉलर. बाबांनी ती कापून डायनिंग टेबलच्या काचेखाली सरकवून ठेवली. आम्हालाही त्यातले थोडे पैसे नव्वदच्या दशकात मिळाले होते, कुटुंबामागे ठरलेली रक्कम होती ती, डोंबिवलीच्या फ्लॅटला लागली. विषय तिथेच संपला असं मी धरून चालले होते. मग गणपतीत एका संध्याकाळी आरती झाल्यावर प्रसाद वाटता वाटता ते म्हणाले, "मला एकदा तो रस्ता बघायचाय." कुठला रस्ता हे घरात कुणालाच विचारावं लागलं नाही.

आई म्हणाली, "मी एकदा बघितलाय तेवढा पुरे." छोटू तेव्हा चार वर्षांचा होता, त्याला काहीच आठवत नाही आणि आता त्याला रजाही मिळाली नाही. मग मी आणि बाबा दोघंच. ९० मध्ये आम्ही कुवेतहून इराक आणि मग जॉर्डन असे आलो होतो. आता इराकमधून जायचा विचार सोडून दिला, फक्त जॉर्डनचा शेवटचा तुकडा करायचा ठरला. नोव्हेंबर २०२२, सहा दिवस. निघताना आईने मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली, "त्यांना पाणी प्यायची आठवण करत राहा, प्रवासात ते पीत नाहीत."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २ ऑगस्ट १९९०, गुरुवार, पहाटे इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. तेव्हा तिथे दीड लाखाहून जास्त भारतीय होते, त्यातलं आमचं एक घर, साल्मियाला तिसऱ्या मजल्यावर. बाबा गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. ते तेव्हा अडतीस वर्षांचे, मी दहा.

दिवस पहिला : मुंबई, कुवेत, अम्मान

तिकीट मुद्दाम कुवेतमार्गे काढलं होतं. उतरताना बाबा खिडकीला नाक लावून बसले होते आणि एकदम माझा हात दाबून म्हणाले, "ते बघ पाण्याचे टॉवर." खाली निळ्या पांढऱ्या पट्ट्यांचे मशरूमसारखे टॉवर घोळक्याने उभे होते. मला ते आठवत होते, शाळेच्या बसमधून दिसायचे. पूर्ण देशात एक नदी नाही, समुद्राचं पाणी गोडं करून ते असल्या टॉवरांत साठवतात, हे बाबा मला लहानपणी सांगायचे तसंच परत सांगितलं.

ट्रान्झिटमध्ये तीन तास होते. बाबा काचेपाशी उभे राहिले, बाहेर नुसता रनवे आणि धुळकट ऊन. मी म्हटलं चहा आणू का, तर म्हणाले, "ह्या एअरपोर्टवरून आपण जाऊ शकलो असतो तर चार तासांत घरी होतो." पहिल्याच दिवशी विमानतळ बंद झाला होता ना. त्याऐवजी आम्हाला घरी यायला बारा दिवस लागले.

अम्मानला संध्याकाळी पोचलो. चांगलीच थंडी होती, बाबांना मफलर लागला.

टीप : जॉर्डन पास निघण्याआधी ऑनलाइन काढा. आम्ही गेलो तेव्हा सगळ्यात कमीचा ७० दिनारला होता, त्यात पेट्राचं तिकीट येतं आणि देशात किमान तीन रात्री राहिलात तर ४० दिनारची व्हिसा फी माफ होते. पेट्राला गेला नाहीत तरी फारसं नुकसान नाही कारण वाळवंटातले किल्लेही त्यातच आहेत. भारतीय पासपोर्टचे नियम तेवढे ऐनवेळी तपासून घ्या. रुपये कुणी बदलून देत नाही, डॉलर न्या.

दिवस दुसरा : अम्मान

सकाळी रोमन थिएटर आणि वरचा किल्ला बघितला, दोन्ही सुंदर आहेत, फोटो सगळीकडे मिळतील. बाबांना पायऱ्या झेपल्या नाहीत म्हणून आम्ही लवकर खाली बाजारात आलो. खायची मजा होती हो इथे! गरम फलाफल, हुमुस, "फूल" म्हणजे शिजवलेल्या वालासारख्या बियांचं लिंबू-ऑलिव्ह ऑइल घातलेलं कालवण, आणि भट्टीतून निघालेली झातर, म्हणजे तीळ घातलेला सुक्या पाल्याचा मसाला, लावलेली रोटी. शाकाहारी माणसाने अजिबात घाबरू नये. बाबांनी रोटी हातात घेतली, दोन बोटांनी दाबून बघितली आणि म्हणाले, "खुबूस असाच गरम घेऊन जिना चढायचो."

तो खुबूस मला चांगला आठवतो. आक्रमणानंतर जमियाच्या, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानाच्या, फळ्या चार दिवसांत रिकाम्या झाल्या आणि बेकरीसमोर पहाटे तीनपासून रांगा लागायच्या. बाबा एकटे जायचे. आईला आणि आम्हाला खिडकीशी जायलाही बंदी होती. ते परत आले की आधी दारावर दोनदा नखाने खरडायचे, बेल नाही, टकटक नाही. तो आवाज आला की आई पदराने तोंड पुसायची.

संध्याकाळी हॉटेलवाल्याने उद्यासाठी एक ड्रायव्हर ठरवून दिला, दिवसाचे ९० दिनार. पूर्वेकडच्या हायवेला कुणी फारसं जात नाही, त्यामुळे आधी नीट सांगा कुठे जायचंय, नाहीतर ऐनवेळी पैशांवरून घोळ होतो.

दिवस तिसरा : अझ्रक

ड्रायव्हर चाळिशीचा, हसरा, गाडीत बसल्या बसल्या पुदिन्याचा चहा हातात देणारा. बाबा त्याला सहज म्हणाले, "शलोनक?" तर त्याने आरशातून चमकून बघितलं. इकडे कसा आहेस विचारायला "कीफक" म्हणतात, शलोनक म्हणजे आखातातली बोली. त्याने विचारलं, अम्मो (काका), हे कुठे शिकलात? बाबा म्हणाले, कुवेत. त्याने गाडी सरळ बाजूला घेतली आणि मागे वळून म्हणाला, "मी हवल्लीचा."

माझ्या अंगावर काटा आला. हवल्ली म्हणजे साल्मियाला लागून असलेला भाग, पॅलेस्टिनी लोकांची वस्ती. त्याचे आजोबा १९४८ ला लिद्द गाव सोडून निघाले, वडील नोकरीसाठी कुवेतला गेले, आणि हा तिथे जन्मला. ९०-९१ मध्ये कुवेतमधून जवळजवळ तीन लाख पॅलेस्टिनी जॉर्डनला आले, त्यातलं ह्यांचं एक कुटुंब. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. म्हणजे मी आणि तो कदाचित एकाच समुद्राकाठच्या झोपाळ्यावर बसलेलो असू. तो म्हणाला, माझी आई अजून म्हणते, हवल्लीच्या घरात गॅसवर डाळीचं भांडं तसंच राहिलं. बाबांना हे मी इंग्रजीतून मराठीत सांगत होते पण त्यांना आधीच कळलं होतं, त्यांचं अरबी मोडकं असलं तरी कान शाबूत आहेत. त्यानंतर पुढचे तीन दिवस मी मागे आणि बाबा पुढे, दोघांच्या गप्पा.

वाटेत खराना आणि कुसैर अम्रा हे वाळवंटातले किल्ले बघितले. अम्रा नक्की बघा, बाहेरून साधी बैठी इमारत आणि आत भिंतीभर चित्रं, तेराशे वर्षांपूर्वीची. दोन्ही पासमध्ये आहेत. अझ्रकचा काळ्या दगडांचा किल्लाही पासमध्येच, दगडाचं अखंड दार हाताने ढकलून बघा, एवढं जड असून हलतं.

पण अझ्रकमध्ये आम्ही जास्त वेळ घालवला तो पाणथळीपाशी. हे शतकानुशतकं वाळवंटातलं सगळ्यात मोठं पाणी होतं, पक्षी लाखांनी उतरायचे. मग अम्मानसाठी एवढं पाणी उपसलं की १९९२ मध्ये झरे आटले. आता एका छोट्या भागात पाणी सोडून ते परत जिवंत ठेवलंय, लाकडी पुलावरून फिरता येतं, आणि फक्त इथेच सापडणारा एक बोटाएवढा मासा आहे. बाबा कठड्याला धरून बराच वेळ त्या माशांकडे बघत बसले. मी म्हटलं, चला, थंडी वाजेल. तर म्हणाले, "आपण इथे होतो तेव्हा इथलं पाणी असं आटत आलेलं होतं हे मला माहीत नव्हतं." आम्ही ९० मध्ये सीमेवरून सुटल्यावर अझ्रकच्या तंबूत दोन रात्री होतो. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायलो, एवढं की छोटूला उलटी झाली.

रात्री अझ्रकलाच राहिलो. दुकानातून बाबांनी पाण्याच्या बाटल्यांचे दोन बॉक्स आणले, चोवीस चोवीसचे. मी म्हटलं एवढं कशाला, उद्या संध्याकाळी परत येतोय. काही बोलले नाहीत, डिकीत ठेवून आले.

दिवस चौथा : सफावी, रुवैशिद आणि पुढे

सकाळी सातला निघालो. अझ्रकपासून सफावीपर्यंत काळे दगड, नुसते काळे दगड, ज्वालामुखीचे, नजर जाईल तिथवर कुणीतरी ओतून ठेवल्यासारखे. त्यानंतर हळूहळू दगड विरळ होतात आणि सपाट पिवळी जमीन सुरू होते. समोरून इराककडचे ट्रक. सफावी आणि रुवैशिद ही गावं मुळात जुन्या किर्कुक-हैफा तेलवाहिनीच्या पंपिंग स्टेशनांपाशी वाढलेली, ड्रायव्हर रुवैशिदला स्टेशनाच्या नावाने "एच फोर"च म्हणत होता.

टीप : पासपोर्ट हाताशी ठेवा, चौक्या आहेत. चौकीचे, सैनिकांचे फोटो काढू नका. पेट्रोल अझ्रकला पूर्ण भरा. निघण्याआधी ह्या पट्ट्यात जायची परवानगी आणि एकूण परिस्थिती स्थानिक माणसाकडून विचारून घ्या, दर वर्षी सारखी नसते.

बाबा सफावीनंतर गप्प झाले. मग स्वतःहूनच सांगायला लागले, आणि ह्यातलं अर्धं मी पहिल्यांदा ऐकत होते.

निघायचं ठरलं तेव्हा पैशांची किंमत गेलेली होती. एक कुवेती दिनार म्हणजे साधारण साठ रुपये, तो इराकने आपल्या दिनारच्या बरोबरीचा करून टाकला, बारा वर्षांची बचत आठवड्यात कागद. आपली एम्बसी इराकमधल्या बसऱ्याला हलवलेली. बाबांनी कंपनीच्या स्टोअरमधून एक वीस लिटरचा पांढरा कॅन आणला, तीन वेळा उकळत्या पाण्याने धुतला. आईच्या पोटाला पासपोर्ट आणि बताके, म्हणजे तिथली ओळखपत्रं, बांधली. माझ्या फ्रॉकच्या आतल्या घडीवर आणि छोटूच्या चड्डीच्या पट्टीवर बॉलपेनने चिपळूणच्या आजोबांचा पत्ता लिहिला. मी विचारलं होतं, कशाला, तुम्ही आहात ना. ते म्हणाले होते, "धोब्याकडे हरवतात ना कपडे, म्हणून." मी ते खरं मानलं होतं, पन्नास डिग्रीच्या उन्हात धोब्याचा बहाणा खरा मानला होता.

बसऱ्याला जाताना बसवाल्याने अर्ध्या रस्त्यात जास्त पैसे मागितले, बाबांनी घड्याळ दिलं. बगदादच्या आधी आईचं मंगळसूत्र सोडून बाकी दोन बांगड्या. बगदादहून सीमेपर्यंतचा दिवस मला आठवत नाही, झोपले असेन. मग जॉर्डनने माणसं थोडी थोडी आत घ्यायला सुरुवात केली होती आणि आम्ही अडकलो दोन सीमांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात, शालान म्हणायचे त्या छावण्यांना. हजारो माणसं, बांगलादेशी, श्रीलंकेची, फिलिपिनो, आपली. तंबू सगळ्यांना पुरत नव्हते. पाण्याचा टँकर यायचा पण कधी यायचा ते कुणाला माहीत नाही, आणि ट्रकवरून रोट्या फेकल्या की अशी झुंबड उडायची की बाबा आम्हाला लांब बसवून एकटे घुसायचे.

स्टोअरकीपर माणूस. त्यांनी त्याच बॉलपेनने कॅनवर रेघा मारल्या, एका दिवसाला एक रेघ. तहान लागली की कॅनच्या झाकणात पाणी, मला एक झाकण, छोटूला एक, आईला एक. त्या झाकणाच्या आटे असलेल्या कडेला जिभेला लागणारी प्लास्टिकची चव मला अजून आठवते, गरम, थोडी साबणासारखी. बाबांना पिताना बघितल्याचं मला आठवत नाही.

रुवैशिद ओलांडून आम्ही पुढे गेलो. सीमा तिथून अजून सत्तर-ऐंशी किलोमीटर. पंचवीसेक किलोमीटरवर चौकीवरच्या पोराने नम्रपणे सांगितलं, इथून परत फिरा. तो विशीतला असेल, बाबांची गोष्ट ड्रायव्हरने त्याला सांगितली तर त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, पाच मिनिटं उभे राहा इथे, फोटो नको. नेमकी जागा हीच का, हे कळायला काही मार्ग नाही, सगळं सारखंच आहे. जमीन, वारा, आणि काटेरी झुडपात अडकलेली एक निळी पिशवी.

बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहिले. वारा एवढा की मफलर सांभाळता येईना. मग म्हणाले, "आपल्या शेजारी एक बाई होती. कडप्पाची. घरकाम करायची कुवेतमध्ये, एकटीच, मालक पळाला तिचा. ताप होता तिला. पहिल्या रात्री तिने पाणी मागितलं, मी दोन झाकणं दिली."

मी गप्प.

"दुसऱ्या रात्री तिने परत हाक मारली. भैया, भैया. चार-पाच वेळा मारली असेल. मी झोपल्याचं सोंग घेतलं. शेवटच्या रेघेच्या खाली पाणी होतं ग. सकाळी बघितलं तर ती जागेवर नव्हती. रेड क्रेसेंटवाले रात्री कुणाकुणाला उचलून नेत होते, तिलाही नेलं असेल. मी कुणाला विचारलं नाही."

मला हे माहीत होतं. हेच मला इतकी वर्षं त्यांना सांगता आलं नव्हतं. त्या रात्री मी जागी होते. त्यांचा एक हात माझ्या डोक्यावर होता आणि दुसरा कॅनच्या मुठीवर, आणि ती बाई हाक मारायची तेव्हा डोक्यावरची बोटं दर वेळी आवळायची. झोपलेल्या माणसाची बोटं अशी आवळत नाहीत हे दहा वर्षांच्या पोरीलाही कळतं. मी म्हटलं, "बाबा, मी जागी होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग परत समोर बघितलं. "मग तू काही बोलली का नाहीस?"

"मला पण पाणी हवं होतं."

ते रडले नाहीत, मी रडले. त्यांनी मफलर काढून माझ्या गळ्यात टाकला. चौकीवरच्या पोराने लांबून हात केला, म्हणजे आता निघा. गाडीत बसल्यावर मी बाटली पुढे केली तर त्यांनी नेहमीसारखं "तू पी आधी" म्हटलं. मी आधी प्यायले, मग ते.

परतताना रुवैशिदच्या एका छोट्या खानावळीत जेवलो, डाळीचं सूप, लिंबू आणि कच्चा कांदा. ट्रक ड्रायव्हरांची जागा आहे, टेबलं चिकट असतील पण सूप असं गरम की काच धुरकटली. मालकाने बाबांच्या वयाकडे बघून पैसे घेतले नाहीत. आमच्या ड्रायव्हरने आग्रह केला तर त्याच्यावरच रागावला.

रात्री आईचा फोन आला. बाबा झोपले होते. आईने विचारलं, "बोलले?" मी म्हटलं, हो. आई थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पाणी पितायत ना?"

दिवस पाचवा : मृत समुद्र

हा दिवस माझ्यासाठी ठेवला होता. तरंगले, चिखल लावला, डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका, फार झोंबतं. बाबा खुर्चीवर बसून संत्री सोलत होते आणि ड्रायव्हरला चिपळूणचा पूर समजावत होते. संध्याकाळी ड्रायव्हर आम्हाला घरी घेऊन गेला. त्याची आई पंचाहत्तरीची, गुडघ्यांनी बेजार. बाबांना बघून तिने हवल्लीतल्या बेकरीची गल्ली विचारली, अमुक वळणावरची की तमुक वळणावरची, आणि दोघांनी हातांनी हवेत नकाशा काढून भांडण केलं. तिने कुनाफा केला होता, गरम चीज आणि साखरेचा पाक. बाबांना मधुमेह आहे, मी अडवलं नाही.

दिवस सहावा : परत

९० मध्ये ह्याच अम्मानच्या विमानतळावरून आम्ही निघालो होतो. एअर इंडियाने त्या वेळी ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून जास्त माणसं मुंबईला आणली, दोन महिने चाललं होतं ते. आमचं विमान पहाटेचं होतं आणि दारात हवाई सुंदरीने मला पाण्याचा ग्लास दिला तर मी तो छोटूला द्यायचा की आईला, अशी उभीच राहिले होते, हे बाबांनी ह्या वेळी विमानतळाच्या वाटेवर सांगितलं. मला आठवत नव्हतं.

टीप : विमानतळ गावापासून पस्तीसेक किलोमीटर आहे, सकाळच्या ट्रॅफिकला तास धरा. उरलेले दिनार तिथेच बदला, भारतात भाव मिळत नाही.

डिकीतून बॅगा काढताना ड्रायव्हरने ते दोन बॉक्स दाखवले. एक फोडलेला, एक अख्खा. "अम्मो, पाणी?"

बाबा म्हणाले, "गाडीतच राहू दे. रस्त्यात कुणी मागितलं तर देत जा."

त्याने उजवा हात डोक्यावर ठेवला, "अला रासी, अम्मो," म्हणजे शिरसावंद्य, आणि बॉक्स डिकीत आतपर्यंत सरकवून ठेवला.